दाजींची बॅटरी आणि बारा नावं

माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या दाजींनी, जन्मात कधी एखादी वस्तू मेली असं मान्य केलेलं नाही. भीमेच्या अल्याड आमचा शिरूर तालुका आणि पल्याड त्यांचा दौंड. या दोन्ही तालुक्यांत मिळून जेवढे पंखे, इस्त्र्या, रेडिओ, मिक्सर आणि भिंतीवरची घड्याळं बंद पडली असतील, त्यांतली निम्मी तरी दाजींच्या मांडीवर उताणी पडून आलेली आहेत. कुणी सहज म्हणालं, “हे गेलं आता,” की दाजींचा चेहरा असा होतो, जणू त्यांच्या सख्ख्या चुलत्याबद्दल कुणी वाईट बोललं. “गेलं म्हंजी? उघडून बघितलं का?” असं म्हणत ते खिशातला टेस्टर काढतात, तिथेच मांडी घालतात आणि पुढचे दोन तास त्या घरात कुणाला जेवण सुचत नाही. वस्तू चालू होते. होतेच. पण पूर्वी ती जे काम करत होती तेच यापुढे करील, अशी हमी दाजी देत नाहीत. आक्काच्या घरातला पंखा त्यांनी दुरुस्त केला तेव्हापासून तो उलटा फिरतो आणि वारा खाली सोडायच्या ऐवजी वर ओढतो. दौंडच्या उन्हाळ्यात त्या पंख्याखाली बसलं की अंगातला उरलासुरला गारवाही छताला जाऊन चिकटतो. दाजी म्हणतात, “गरम हवा वर वढून घेतो. ही सोय कुठल्या कंपनीनं दिलीया का?” त्यांचं घड्याळ दिवसाला सात मिनिटं पुढं पळतं, त्याचंही त्यांना कौतुक. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर चार-दोन स्क्रू उरतात, ते लोणच्याच्या बरणीत जमा होतात. ती बरणी एकदा भरून दुसरी लागलेली आहे. “कंपनीवाले भित्रे असत्यात, मेव्हणीबाई. गरजंपेक्षा ज्यादा लावत्यात,” एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

दाजींची दुसरी सवय चिठ्ठ्यांची. कुरकुंभच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत ते ठेकेदाराकडून कामाला होते. तिथं कामगारांच्या खोलीत वस्तू पाय फुटल्यासारख्या हिंडायच्या, म्हणून दाजींनी आपल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात चिठ्ठी ठेवायला सुरुवात केली. डब्याच्या झाकणात चिठ्ठी, हेल्मेटच्या अस्तरात चिठ्ठी, छत्रीच्या पोकळ दांड्यात सुरळी करून चिठ्ठी. नुसतं नाव लिहून त्यांचं समाधान होत नसे. डाव्या बुटातल्या चिठ्ठीत मी स्वतः वाचलेलं आहे, ‘ज्यास हा बूट सापडेल त्याने उजवाही माझाच आहे हे ध्यानात घ्यावे.’ लग्नानंतर त्यांनी आक्काला पहिली भेट दिली ती टॉर्च. तिच्या सेलमागं चिठ्ठी निघाली, ‘ही टॉर्च व ही बाई आमच्या घरची आहेत.’ मी ती चिठ्ठी तिथल्या तिथं फाडली आणि बाईमाणूस ही कुणाच्या मालकीची चीज नाही, या विषयावर त्यांना अर्धा तास ऐकवलं. दाजींनी खाली मान घालून सगळं ऐकलं, पेन्सिल मागून घेतली आणि नवी चिठ्ठी लिहिली, ‘ही टॉर्च या बाईंची आहे. बाई स्वतःच्या आहेत.’ असा माणूस तुम्हाला भांडणात कधीच सापडत नाही.

माझा स्वभाव तसा भांडणाचा, कारण मी पत्रकांच्या घरात वाढले. आबा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि सभेचं, मोर्चाचं, निषेधाचं जे पत्रक हाती येईल ते घडी घालून ट्रंकेत ठेवायचे. मांडवगणच्या आमच्या घरात धान्याची कोठी एक आणि पत्रकांच्या ट्रंका तीन. मी अक्षरं जुळवायला शिकले ती ‘जाहीर’, ‘धिक्कार’ आणि ‘बहुसंख्येने’ या शब्दांवर. तिसरीत असताना आईला पहिली चिठ्ठी लिहिली तीत मागण्या होत्या, एक-दोन-तीन असे आकडे घालून. पुढं मी स्वतः पत्रकं लिहायला लागले तेव्हा वस्तीत कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते दाजींना. “एवढं कडक लिवता आन् चहात साखर मात्र तीन चमचे घेता,” ते म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात कंपनीत दाजींसह बारा जणांनी ठेकेदाराकडं हातमोजे मागितले. हाताची सालं निघत होती म्हणून मागितले, चैन म्हणून नव्हे. ठेकेदारानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बाराही जणांना गेटवरूनच परत पाठवलं. “तुमच्या जागी नवी माणसं टाकलीत,” एवढंच सांगितलं. त्या बारांत आमच्या वस्तीतले होते, मराठ्यांच्या आळीतले होते, शिक्रापूरला भाड्याच्या खोलीत राहणारे दोघं बिहारचेही होते. साल मात्र सगळ्यांची सारखीच निघाली होती. पुण्याच्या एका वकीलबाईंनी त्यांचं प्रकरण हाती घेतलं. त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं, “कामगार कार्यालयात तारीख लागली की मी फोन करीन. त्या दिवशी बाराच्या बारा जण साहेबासमोर उभे दिसले पाहिजेत. ठेकेदार म्हणणार, ही माणसं आपणहून काम सोडून गेली. तुम्ही कमी आलात तर त्याचंच खरं होईल.”

बारा माणसं पाटस, कुरकुंभ, दौंड, मांडवगण आणि शिक्रापूरपर्यंत पांगलेली, आणि त्यांच्यात मिळून फोन एकच. दाजींचा. तोच नंबर वकीलबाईंच्या फाईलवर चढला. तोच मी पत्रकावर घातला. पत्रक पिवळ्या कागदावर, दौंडच्या प्रेसमध्ये छापलं. वर ठळक अक्षरांत ‘माणूस ही वापरून फेकायची वस्तू नाही’, खाली ‘जुन्याला काढून नवा आणला म्हणून न्याय बदलत नाही’, त्याखाली बारा नावं आणि तळाला दाजींचा नंबर. मला ते इतकं आवडलं होतं की मी ते स्वतःलाच दोनदा वाटलं.

पत्रक वाटून चार दिवस झाले आणि दाजींच्या फोननं चार्ज व्हायला नकार दिला.

हा फोन साधा नव्हता. त्या काळी एका कंपनीनं स्वस्तातले फोन काढले होते, त्यांत सिमकार्ड नसायचं. नंबर फोनच्या पोटातच बसवलेला. म्हणजे फोन मेला की नंबर मेला, दुसऱ्याच्या फोनमध्ये घालून चालवायची सोय नाही. बोलता बोलता तो बंद पडायचा. चार्जरला लावला की पडद्यावर इंग्रजीत ‘नॉट चार्जिंग’ अशी अक्षरं उमटायची आणि पडदा काळा व्हायचा. मला लगेच यात ठेकेदाराचा हात दिसला. दाजी म्हणाले, “ठेकेदाराला सोताच्या गाडीचं इंडिकेटर कळंना, तो काय माझी बॅटरी बिघडवतोय.”

मग पुढचे दहा दिवस दोन तालुक्यांनी जे पाहिलं ते सांगते. दाजींनी आधी बॅटरीची टोकं खोडरबरानं घासली, मग रॉकेलच्या बोळ्यानं पुसली, मग आक्काच्या जुन्या टूथब्रशनं ब्रश केली. तो टूथब्रश जुना आहे हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं, हे आक्काला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. पुढची पाळी उन्हाची. बॅटरीत दमटपणा शिरला असणार असं ठरवून त्यांनी ती आमच्या अंगणात आईनं वाळत घातलेल्या पापडांच्या रांगेत मांडली. आईनं तासाभरानं पापड उलटले, तेव्हा बॅटरीही उलटली, आणि संध्याकाळी सगळं डब्यात भरलं तेव्हा बॅटरीही भरली. ती सापडेपर्यंत दाजींनी एकशे चाळीस पापड एकेक करून कानाशी हलवून पाहिले.

उन्हानं जमलं नाही म्हणजे थंडी पाहिजे, हा त्यांचा पुढचा निष्कर्ष. शिक्रापूरच्या चौकात एका ट्रकवाल्यानं त्यांना शपथेवर सांगितलं होतं, “ठंडे में रख दो चाचा, जवान हो जाएगी.” आक्काकडं फ्रिज नव्हता. दाजी दौंडच्या बाजारातल्या लस्सीवाल्याकडं गेले आणि त्याच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी बॅटरी ठेवून आले, अर्थातच चिठ्ठीसह. ‘ही बॅटरी आहे. खाऊ नये. दौंड.’ लस्सीवाल्यानं ती चिठ्ठी पुढं कितीतरी दिवस गल्ल्याच्या काचेला चिकटवून ठेवली होती. बॅटरी गारेगार होऊन परत आली, अंगाला केशराचा वास घेऊन. फोनमध्ये घातली. नॉट चार्जिंग.

दाजींचा पुढचा संशय विजेवर. ती भारनियमनाची वर्षं होती. दौंडला वीज असायची तेव्हा मांडवगणला नसायची आणि आमच्याकडं यायची तेव्हा त्यांच्याकडची जायची. दाजींनी दोन्ही तालुक्यांतल्या नऊ गावांचं वेळापत्रक एका वहीत उतरवून घेतलं होतं आणि ते फोन घेऊन आपल्या एम-एटी स्कूटरवरून विजेच्या मागं हिंडायचे. “दौंडची लाईट पातळ हाय. टेशन समदी पिऊन घेतं,” असं त्यांचं मत. “तुमच्या मांडवगणची घट्ट असती. मोटरीची लाईट ती.” त्यामुळं त्या दहा दिवसांत ते सात वेळा भीमेवरचा पूल ओलांडून आमच्याकडं आले. आले की चार्जर खोचायचे आणि तो पडदा उजळेपर्यंत, म्हणजे वीज जाईपर्यंत, बसायचे. चहा व्हायचा. आबांना ते मामा म्हणायचे, त्यांच्याशी बुद्धवंदनेच्या चालीवरून वाद व्हायचा. माझ्या नव्या पत्रकातल्या एखाद्या शब्दाला नाव ठेवायचे. “‘नृशंस’ म्हंजी काय वं? शिवी हाय का? मग सरळ शिवीच द्या की, ठेकेदाराला कळंल तरी.” आणि तो शब्द मी मुकाट्यानं खोडायचे.

या सगळ्यात दौंडच्या मोबाईलवाल्याकडं ते एकदाच गेले, तेही नुसती बॅटरी रुमालात बांधून. फोन घरी आक्काच्या ताब्यात, कारण फोन परक्याच्या हाती द्यायचा नाही हा त्यांचा नेम. मोबाईलवाल्याच्या चिमट्यासारख्या चार्जरात ती बॅटरी बसेना, तिची टोकं भलत्याच बाजूला. मग त्यानं ती तळहातावर दोनदा उडवली आणि निकाल दिला, “काका, बॅटरी गेली. नवीन टाका. पुण्याहून मागवावी लागंल.” दाजी बॅटरी उचलून दुकानाबाहेर आले ते थेट मांडवगणला, माझ्यासमोर.

“मेव्हणीबाई, तो म्हनतो जुनी काढा, नवीन टाका.”

“मग टाका ना दाजी. किती दिवस चालवणार हे? वकीलबाईंचा फोन कधीही येईल.”

दाजींनी खिशातून माझंच पत्रक काढलं आणि उलगडून माझ्या पुढ्यात धरलं. “हे तुम्हीच लिवलंय ना? जुन्याला काढून नवा आनला म्हनून न्याय बदलत न्हाई. ठेकेदार बी ह्येच म्हनला हुता, नवी माणसं टाकलीत. मग बॅटरीला येगळा न्याय का?”

“दाजी, ती वस्तू आहे. माणूस वेगळा, वस्तू वेगळी.”

“ठेकेदारबी आमाला वस्तूच समजत हुता. कुठनं कुठवर वस्तू आन् कुठनं फुडं माणूस, त्ये कुनी ठरवायचं?”

आबा पलीकडं पेपरमागं तोंड लपवून हसत होते. मी आजवर सरपंचाला, सभापतीला, कारखान्याच्या संचालकाला निरुत्तर केलेलं आहे. पण माझंच वाक्य हातात धरून बसलेल्या माणसाला काय उत्तर द्यावं, ते आमच्या तिन्ही ट्रंकांतल्या एकाही पत्रकात नव्हतं.

काळजी मात्र वाढत चालली होती. मी गावातल्या नाणं टाकायच्या फोनवरून वकीलबाईंच्या ऑफिसात फोन लावला. कारकून म्हणाला, “तारीख शुक्रवारी दुपारी मॅडमनाच कामगार कार्यालयात कळेल. कळली की त्या तिथूनच या नंबरवर फोन करतील आणि परस्पर परगावी निघतील. शनिवार-रविवार ऑफिस बंद.” मी म्हटलं, दुसरा नंबर लिहून घ्या. तो म्हणाला, “फाईलवर हाच आहे, तुमच्या पत्रकावरही हाच आहे. आता गोंधळ नको.” माझ्या पत्रकाची एवढी दखल आजवर कुणीच घेतली नव्हती.

आक्काही स्वस्थ बसली नव्हती. तिनं दाजींच्या माघारी मोबाईलवाल्याला सांगून पुण्याहून नवी बॅटरी मागवली होती. शुक्रवारी सकाळी ती आली. त्या दिवशी वहीप्रमाणं वीज आमच्याकडं एक ते चार. अडीचच्या सुमाराला एम-एटीचा फटफटाट ऐकू आला. पुढं दाजी, मागं पदर खोचलेली आक्का. घरात पाऊल टाकताच तिनं पर्समधून नवी बॅटरी काढून माझ्या हातावर ठेवली.

“अहो, आता तत्त्वं चार वाजल्यानंतर,” ती म्हणाली. “बारा घरांचा सवाल आहे.”

दाजींनी नव्या बॅटरीकडं बघितलं, आक्काकडं बघितलं, आणि घरात आलेल्या सवतीला जागा द्यावी तसं जुनीला बाहेर काढून रुमालात गुंडाळलं. आमच्याकडं विजेचा बोर्ड फळीच्या वर, फार उंच. चार्जरची वायर आखूड. म्हणून दाजी धान्याच्या कोठीवर चढले, बसून त्यांनी नवी बॅटरी घातली, पिन खोचली. आम्ही चौघं खाली माना वर करून उभे.

“काय म्हणतोय?” आईनं विचारलं.

दाजींनी पिन काढून पुन्हा खोचली. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की मला वाटलं, झालं काम.

“नवी बी चार्ज हुईना,” ते म्हणाले, आणि कोठीवरच त्यांनी मांडीवर थाप मारली. “मामा, नवी बी हुईना. म्हंजी जुनीचा काय दोष न्हवता. धा दिस मी वरडतोय, तिचा दोष न्हवता.”

“अहो, मग फोन कसा येणार?” आक्का म्हणाली, आणि थाप मारणारा हात हवेतच थांबला.

पावणेतीन वाजले होते. मी फोन खाली मागून घेतला. दाजींनी तो आयुष्यात पहिल्यांदा आक्काखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातात दिला. मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली आणि बोट आत फिरवलं. बॅटरी बसते त्या खळग्यात तळाला काळी चिकटपट्टी होती, नीट काटकोनात कापलेली, फोनचाच भाग वाटावा अशी. पण फोनच्या भागाला बोटाखाली असा फुगवटा लागत नाही. मी नखानं कोपरा उचलला. खाली पिवळा कागद.

“दाजी, हे काय आहे?”

“कुठं काय? चिठ्ठी हाय.”

“कसली चिठ्ठी?”

“फोन हरवला तर कुनाचा त्ये कळाय नगं का?” दाजी कोठीवरून म्हणाले. “आता ह्यो फोन का माझ्या एकट्याचा हाय? बाराजनांचा हाय. म्हनून तुमच्या पत्रकातली बारा नावं कापली, घडी घाटली आन् ठिवली तळाला. घामानं भिजू ने म्हनून वरनं पट्टी मारली.”

“कधी?”

“पत्रक वाटून झालं त्याच्या तिसऱ्या दिशी.”

तिसऱ्या दिवशी. आणि चौथ्या दिवशी फोन बंद. मग आईनं हिशोब जुळवत शांतपणे विचारलं, “म्हणजे त्या घडीनं बॅटरी वर उचलली गेली, आणि टोकाला टोक लागंना. म्हणजे फोन पोरीच्या पत्रकानं बंद पाडला व्हय?”

आबांचा धीर तिथं सुटला. ते हसत हसत भिंतीला टेकून खाली बसले. आक्का हसली, आई हसली, आणि मी, जिनं या प्रकरणात ठेकेदाराचा आणि भांडवलशाहीचा हात जवळजवळ सिद्ध करत आणला होता, तीही हसले. दाजी तेवढे हसले नाहीत. मी कागद उपसून काढायला लागले तसे ते कोठीवरून उतरून जवळ आले.

“काढू नगा.”

“दाजी, हा काढल्याशिवाय बॅटरी बसणार नाही.”

“बाराजनांला एकदा ठेकेदारानं काढलंय,” दाजी म्हणाले. “मी न्हाई काढनार.”

आता हसायचं कुणाला सुचलं नाही. घड्याळात तीन वाजून गेले होते. मी त्या खळग्याकडं बघत राहिले. टोकं एका बाजूला होती, आणि समोरच्या बाजूला, बॅटरीच्या बुडाशी, केसभर फट होती. कागद तळाला नको. पण बुडाशी असला तर तोच बॅटरीला टोकांकडं रेटून धरील. पत्रकाची घडी कशी घालायची हे मला शिकवावं लागत नाही. बारा नावांची ती पट्टी मी उलगडली, लांबीत दुमडली, पुन्हा दुमडली, नखानं दाबून धार काढली आणि दाजींच्या हातात दिली. “काढत नाही. जागा बदलतेय फक्त.”

दाजींनी रुमालातली जुनी बॅटरी काढली. नवी घालायचा विषय कुणी काढलाही नाही. बॅटरी बसवली, बुडाशी घडी सरकवली, अंगठ्यानं दाबली. टक्क असा आवाज झाला. ते पुन्हा कोठीवर चढले, पिन खोचली. पडद्यावर आधी काहीच नाही. मग कोपऱ्यात एक उभी रेघ आली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि पुन्हा पहिलीपासून.

“चढतीया,” दाजी हळूच म्हणाले, जणू मोठ्यानं बोललं तर ती उतरेल.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. वायर आखूड, म्हणून दाजी कोठीवरच मान वाकडी करून, कान बोर्डाला लावल्यासारखे उभे राहिले. “जयभीम. व्हय मॅडम. व्हय, आमीच. न्हाई मॅडम, बंद कुठं, जरा लाईटचा प्राब्लेम.” मग त्यांनी खाली हात करून बोटं हलवली, लिहायला कागद मागितला. तीन ट्रंका भरून कागद असलेल्या त्या घरात एकही कोरा कागद हाताशी नव्हता. मी पत्रकाच्या पाठीवर लिहिलं. सोमवार, अकरा वाजता, बाराच्या बारा.

चारच्या ठोक्याला वीज गेली. तोवर दाजींची एम-एटी पुलाकडं निघालीही होती. शनिवार आणि रविवार त्यांनी पाटस, कुरकुंभ, शिक्रापूर असं एकेक दार गाठलं, फोनवर कुणावरही भरवसा न ठेवता. सोमवारी पुण्याच्या कामगार कार्यालयाच्या व्हरांड्यात बारा जण एका ओळीत उभे होते. ठेकेदाराच्या माणसानं ही माणसं स्वतःहून निघून गेल्याचं सांगितलं, तेव्हा साहेबानं कागदावरचं एकेक नाव वाचलं आणि एकेक हात वर झाला. सालं निघालेले बारा हात. सात महिन्यांनी बाराही जण पुन्हा त्या गेटातून आत गेले, आणि या खेपेला हातमोजे घालून.

त्याला आता तीन वर्षं झाली. दाजींकडं नवा फोन आहे, सिमकार्डवाला, पहिल्या झटक्यात चार्ज होणारा. तो त्यांना बारा जणांनी मिळून दिला, त्यामुळं नाही म्हणता आलं नाही. भारनियमनही पूर्वीइतकं राहिलं नाही. दौंडची वीज, आक्का म्हणते, आता पुरेशी घट्ट असते. कंपनीत शिफ्ट, ओव्हरटाइम, आणि आमच्याकडं यायला काही कारण उरलेलं नाही. फोन मात्र न चुकता येतो, दर रविवारी. “जयभीम मेव्हणीबाई. बरं हाय ना समदं? मामा जेवले? ठिवतो मग.” अर्ध्या मिनिटात सगळ्यांची चौकशी होते. आबा हल्ली वंदनेच्या चालीवरून स्वतःशीच वाद घालतात. मी परवा एका पत्रकात ‘नृशंस’ लिहिलं, तो शब्द तसाच छापून आला, कुणी खोडायला लावला नाही.

मी पत्रकात आजवर एकही खोटा शब्द लिहिलेला नाही, म्हणून हे सांगून टाकते. गेल्या महिन्यात एका दुपारी मी माझा फोन उघडला. उरलेल्या पिवळ्या गठ्ठ्यातलं एक पत्रक घेतलं, पट्टी कापली, घडी घातली आणि ती बॅटरीच्या खाली, अगदी तळाला ठेवली. मग शेजारच्या फोनवरून दौंडला कळवलं की माझा फोन चार्ज होत नाही.

“हात लावू नगा त्याला,” दाजी म्हणाले. “आन् नवीन बिवीन घिऊ नगा.”

रविवारी सकाळी एम-एटी दारात उभी. दाजींनी चहाआधीच मांडी घातली, टेस्टर काढला, झाकण उघडलं, बॅटरी उचलली. खाली पिवळी घडी. त्यांनी ती बाहेर काढली, उलगडली, वाचली. चष्म्यावरून एकदा माझ्याकडं बघितलं. मी आबांच्या पेपरकडं बघत होते.

दाजींनी घडी पुन्हा होती तशी घातली, होती तिथंच, तळाला ठेवली, वरून बॅटरी दाबली आणि झाकण लावलं.

“अवघड केस हाय, मेव्हणीबाई,” ते म्हणाले. “सात-आठ खेपा तरी लागतील.”